प्लेट स्वच्छ होती

दर सोमवारी सकाळी ओलिवेरा आपल्या मुलीची लघवी पर्समध्ये घालून कामाला जायची. लाल झाकणाची छोटी डबी, तिच्यावर दोन पिशव्या, शेजारी किल्ल्या आणि ओठांना लावायचं मलम. बसमध्ये ती पर्स मांडीवर सरळ धरून बसायची. लाज वगैरे काही नव्हती. तेरा वर्षं ती सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होती, आणि तिमोक नदीकाठच्या त्या गावातल्या निम्म्या लोकांची लघवी तिने कधी ना कधी आपल्या हाताने जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरलेली होती. पोस्टमास्तर, शाळेचे मुख्याध्यापक, पाद्रीबाबांची बायको. रस्त्यात भेटली की ही मंडळी तिला फार अदबीने नमस्कार करायची आणि लगबगीने पुढे सटकायची.

तिची मुलगी दुन्या सात वर्षांची होती. पाचव्या वर्षी तिला पहिल्यांदा असा ताप आला की अंगाच्या थरथरीने पलंग वाजत होता. लघवीतला जंतू वर मूत्रपिंडात चढला होता. मग सहा महिन्यांत आणखी दोनदा तेच. तिसऱ्या तापानंतर ओलिवेराच्या नवऱ्याने, रादिशाने, शहरातल्या मोठ्या इस्पितळात तपासणीच्या यंत्रावर काम करणाऱ्या आपल्या मावसभावाला गाठलं. रादिशा ऑस्ट्रियात ट्रक चालवायचा आणि महिन्यातून दोन दिवस घरी असायचा; पण फोनवरून वशिला लावण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मावसभावाने जेवणाच्या सुट्टीत, रांगेतल्या बायकांच्या नाकावर टिच्चून, दुन्याला मागच्या दाराने आत घेतलं आणि तपासणी उरकून दिली. डॉक्टरची गाठ घेण्याची गरजच पडली नाही. डाव्या मूत्रपिंडावर एक वण होता.

"हा आता जायचा नाही," मावसभाऊ सँडविच चावत म्हणाला. "असे आणखी दोन-तीन पडले ना, तर हे मूत्रपिंड गेलंच समज. तू तर लॅबमधलीच आहेस, तुला मी काय सांगणार!"

त्या दिवसापासून ओलिवेराच्या आत काहीतरी बधिर झालं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो तसं. हात लावला तर गाल आहे हे कळतं, पण तो आपला वाटत नाही. ती रडली नाही, कुणाशी भांडली नाही. कामाला लागली. आणखी वण पडू द्यायचा नाही, म्हणजे जंतू वाढू द्यायचा नाही, म्हणजे तो वाढायच्या आत बघायचा. तिच्याइतकं ते कुणाला सोपं होतं?

सोमवारी दुन्याची डबी ती इतरांच्या डब्यांत मिसळायची. नोंदवहीत नाव नाही, नुसता एक आकडा. तारेच्या टोकाने थेंब प्लेटवर पसरायचा, गरम पेटीत ठेवायचा आणि मंगळवारी कोट घालायच्याही आधी पेटी उघडायची. बहुतेक वेळा प्लेट भरून आलेली असायची. आतड्यात राहणारा नेहमीचाच जंतू, हिरवट सोनेरी झाक मारणारा. मग ती व्हरांड्याच्या टोकाला मुलांच्या डॉक्टर यास्नाकडे जायची. यास्ना तिच्याहून दोन वर्षांनी लहान, आणि सकाळची कॉफी दोघी बरोबरच घ्यायच्या.

"परत?" यास्ना विचारायची. "ताप आहे?"

"नाही."

"जळजळ? पोटात दुखतंय?"

"नाही गं. पण प्लेट काठोकाठ आहे."

"मग?"

"मग काय, लिही."

यास्ना लिहायची. एका व्हरांड्यात बसणाऱ्यांनी एकमेकींना नाही कसं म्हणायचं? यास्नाच्या सासऱ्यांच्या सगळ्या तपासण्या ओलिवेराच तर रांगेबाहेर करून देत होती. त्या गावात रांगेत उभा राहायचा तो, ज्याचं आत कुणी नाही.

दोन वर्षांत दुन्याने औषधाच्या अकरा बाटल्या रिचवल्या. गुलाबी, पिवळ्या, केळ्याच्या वासाच्या. बाटली संपली की प्लेट एक-दोन आठवडे स्वच्छ यायची आणि मग पुन्हा भरायची. कुठलं औषध लागू पडेल ते पाहायला प्लेटवर औषधाच्या कागदी चकत्या ठेवतात. जंतू मरतो तिथे चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. दुन्याच्या प्लेटवरची ती वर्तुळं महिन्यामागून महिना आक्रसत चालली होती. ओलिवेराला ते दिसत होतं, तिने मोजपट्टी लावून मोजलंही होतं. दुसऱ्या कुणाची प्लेट असती तर तिने भुवया उंचावल्या असत्या. आपल्या मुलीच्या प्लेटपुढे मात्र तिचं डोकं एवढंच म्हणायचं: मार त्याला.

घरी सासू देसांका वेगळ्याच आघाडीवर लढत होती. तिच्या मते हा सगळा प्रताप थंड दगडावर बसण्याचा आणि खिडकीतून येणाऱ्या झोताचा. ऑगस्टच्या उकाड्यातही पोरीच्या कंबरेला लोकरीचा पट्टा. रविवारी कॅमोमाइलच्या गरम पाण्यात बसवणं. सासू-सुनेचं एकाही बाबतीत जमत नव्हतं. एका गोष्टीवर मात्र दोघींचं एकमत होतं. घराबाहेरच्या संडासावर टेकायचं नाही. शाळेत नाही, बसस्टँडवर नाही, पाहुण्यांकडेही शक्यतो नाही. गुडघे वाकवायचे, अधांतरी राहायचं, उरकायचं आणि निघायचं. ओलिवेराला हे तिच्या आईने शिकवलं होतं, आईला तिच्या आईने. "आमच्या घरातल्या बायका परक्या ठिकाणी टेकत नाहीत," देसांका म्हणायची, आणि म्हणताना तिची मान अशी ताठ व्हायची, जणू घराण्याला मिळालेलं पदकच दाखवतेय. दुन्या चार वर्षांची असल्यापासून आईचा हात धरून अधांतरी राहायला शिकली होती. तिला ते उत्तम जमायचं.

सप्टेंबरात दुन्या दुसरीत गेली. तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, ओलिवेराने पेटी उघडली आणि प्लेट कोरी होती. कोरी म्हणजे अगदी कोरी. बाजारातून नुकती आणल्यासारखी. अकरावी बाटली संपून तीन आठवडे झाले होते आणि तरीही काही उगवलं नव्हतं. असं कधी झालं नव्हतं.

घरी आल्या आल्या तिने कोट न काढता दुन्याला उचललं.

"प्लेट स्वच्छ आहे!"

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"काही म्हणजे काहीही नाही."

त्या संध्याकाळी तिने लाल भोपळ्याची पिता नावाची गोड पाई केली, पातळ पापुद्र्यांची, वर साखर पेरलेली. देसांकाने पोस्टमास्तरच्या टोपाची, म्हणजे नकली केसांची, काहीतरी गोष्ट सांगितली आणि ओलिवेरा हसली. मोठ्याने, घशातून. दुन्या घास तोंडात तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिली. आईला हसता येतं हे तिला बहुधा आठवतच नव्हतं.

रविवारी सकाळी दुन्याला चाळीस ताप होता आणि ती डावी कूस धरून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मावसभाऊ नेमका समुद्रावर सुट्टीला गेलेला. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीतून शहरातल्या इस्पितळात पोचल्यावर ओलिवेरा पहिल्यांदाच पुढच्या दाराने आत गेली, नंबर घेतला आणि जी डॉक्टर समोर आली तिच्याकडे मुलीला सोपवलं. डॉक्टरचं नाव कोविल्का. साठी उलटलेली बाई, आवाज घोगरा, पांढऱ्या कोटाच्या खिशात भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया. तिने दुन्याच्या हाताला सलाईन लावलं आणि ओलिवेराला बाहेर बसवलं.

तिसऱ्या दिवशी तपासणीचा निकाल आला. या वेळचा जंतू वेगळा होता. नेहमीची सगळी औषधं त्याने झिडकारली होती, एक सोडून, आणि ते फक्त शिरेतून देता येत होतं. दहा दिवस. ओलिवेराने तो कागद व्यावसायिक नजरेने वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. काहीच वाटलं नाही. मग तिने कागद पुन्हा काढला आणि पुन्हा वाचला. तरीही नाही.

"चार दिवस दुखत होतं तिला," डॉ. कोविल्का म्हणाल्या. "गुरुवारपासून. मला सांगितलं तिने. तुम्हाला?"

"नाही."

ओलिवेरा खाटेशी गेली. दुन्या उताणी पडून छताकडे बघत होती.

"गुरुवारपासून दुखत होतं?"

"हो. शू करताना. मग पाठीतपण."

"मग मला का नाही गं सांगितलंस?"

"प्लेट स्वच्छ होती ना," दुन्या म्हणाली. मग जरा थांबून, "आणि तू पिता केली होतीस."

ओलिवेराने तिच्या अंगावरची चादर सरळ केली. सरळच होती, तरी केली.

डॉक्टरांनी तिला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर अकरा औषधांची यादी होती, ओलिवेरानेच पाठ असल्यासारखी लिहून दिलेली; मावसभावाने केलेल्या तपासणीचंही तिने सांगितलं होतं.

"यातल्या किती वेळा पोरगी आजारी होती?"

"तीन वेळा. ताप."

"आणि बाकीच्या आठ?"

"बाकीच्या वेळी प्लेट..."

"म्हणजे आठ वेळा तुम्ही प्लेटला औषध पाजलंत." डॉक्टरांनी एक बी दातात फोडली. "तुम्ही लॅबमध्ये काम करता, म्हणून स्पष्ट बोलते. या पोरीच्या मूत्राशयात एक जंतू बिऱ्हाड करून होता. भाडं देत नव्हता, कबूल. पण भांडतही नव्हता. अशा मुली मी शेकड्याने पाहिल्यात. त्या जंतूला हात लावला नाही तर तो वर्षानुवर्षं गप्प राहतो, आणि तो आहे म्हणून दुसऱ्याला जागा मिळत नाही. तुम्ही दर एक-दोन महिन्यांनी त्याचं सामान रस्त्यावर फेकलंत. शेवटी खोली रिकामी झाली. तुम्हाला आनंद झाला. आणि दोन दिवसांत तिथे गुंड येऊन राहिला."

"मला वण पडू द्यायचा नव्हता," ओलिवेरा म्हणाली. आवाज दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा आला.

"ठाऊक आहे. नवा पडलाय की नाही ते सहा महिन्यांनी कळेल. आधी सांगता येत नाही, मावसभावालासुद्धा."

मग त्या उठून दुन्याच्या खाटेशी गेल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"काय गं, शाळेत शूला जातेस?"

"नाही."

"का?"

"दाराला कडी नाही. आणि कागद नसतो. मिलुन्का दार धरते, पण मुलं आली की सोडून पळते."

"आणि अगदीच जावं लागलं तर? कशी करतेस? दाखव बघू."

दुन्या सलाईनची नळी सांभाळत खाटेवरून उतरली. गुडघे वाकवले, पाठ ताठ, एक हात पुढे, आणि हवेत बसली. बर्फावरून घसरायच्या तयारीत असल्यासारखी.

"अशी किती वेळ राहतेस?"

"पाय थरथरेपर्यंत."

"मग?"

"मग उरलेली घरी."

"कुणी शिकवलं हे?"

"आईने. आजीनेपण. आमच्या घरातल्या बायका कुठे टेकत नाहीत." सांगताना तिची मान ताठ झाली.

डॉक्टर हसल्या नाहीत. ओलिवेराकडे वळून म्हणाल्या, "'उरलेली घरी.' ऐकलंत? सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत ती उरलेली तिथेच असते. मूत्राशय असं अर्धवट आवळून कधी पुरतं रिकामं होत नाही. पहिले तीन ताप कुठून आले ते आता विचारू नका मला."

तेरा वर्षं ओलिवेरा डबीत काय आहे ते बघत होती. ते डबीत कसं येतं, हे तिने एकदाही बघितलं नव्हतं. हे आपल्याला आत्ता कळलं, हेही तिला लांबून ऐकू आल्यासारखं कळलं.

घरी सोडताना डॉक्टरांनी नियम सांगितले. दर तीन तासांनी शू, शाळेतही. पूर्ण टेकून, पायाखाली पाट, घाई नाही. पोट साफ राहायला हवं. आणि डबी बंद. "सोमवारची नाही, मंगळवारची नाही. दुखलं, जळलं, ताप आला तर त्याच दिवशी माझ्याकडे. एरवी बघायचंच नाही. आता प्लेटच्या जागी ही पोरगी. हिने वेळेत सांगितलं तर मूत्रपिंड वाचेल. नाही सांगितलं तर नाही."

"सांगेल ती. मी कधी ओरडत नाही तिच्यावर."

"ओरडत नाही, ते दिसतंय," डॉ. कोविल्का म्हणाल्या. "तुमच्या चेहऱ्यावर काहीच नसतं. पोरं त्याला जास्त भितात."

शाळेत बाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली, खांदे उडवले आणि शिक्षकांच्या संडासाची किल्ली फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगली. "बाई, हिला मिळते तर आम्हालापण!" असा गलका झाला आणि आठवड्याभरात सगळ्या वर्गातल्या मुली शिक्षकांच्या संडासात जाऊ लागल्या. मुख्याध्यापक चिडले, पण ओलिवेराला काही बोलले नाहीत. त्यांची तपासणी नुकतीच तिच्या हातून गेली होती.

घरी जास्त अवघड गेलं.

"परक्या संडासावर टेकायचं?" देसांकाने कपाळाला हात लावला. "उद्या तिला काही चिकटलं म्हणजे?"

"जे चिकटायचं ते चिकटलंय, आई. न टेकता."

"माझा जन्म गेला अधांतरी. मला काही झालं?"

"तुम्ही रात्री पाच वेळा उठता."

दोन दिवसांनी संडासातल्या पाटावर देसांकाने स्वतः विणलेलं लोकरीचं आवरण घातलेलं दिसलं, पोरीच्या पायांना गार लागू नये म्हणून.

सोमवार जाता जात नव्हते. ओलिवेरा बसमध्ये पर्स मांडीवर सरळ धरूनच बसायची, सवयीने. मंगळवारी पेटी उघडायची, दुसऱ्यांच्या प्लेट काढायची, आणि हात आणखी एक प्लेट शोधत आत राहायचा. संध्याकाळी ती दुन्याला विचारायची, "दुखतंय?" दुन्या म्हणायची, "नाही." हे 'नाही' खरं आहे की पितेसाठी आहे, हे तिला कळायला मार्ग नव्हता. सगळं एका शब्दावर टांगलेलं, आणि तो शब्द अशा पोरीचा, जी आईचा चेहरा बघून बोलायला शिकली होती.

नोव्हेंबरात एका रविवारी तिच्याच्याने राहवलं नाही. तिने लाल झाकणाची डबी काढली. "असंच," ती म्हणाली. "एकदाच." दुन्याने मुकाट्याने डबी घेतली, भरून आणली, आईच्या हातात दिली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावलं. ओलिवेरा डबी घेऊन न्हाणीघरात बराच वेळ उभी होती. मग तिने ती बेसिनमध्ये ओतली. पुढचे दोन दिवस तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच दुन्या "नाही" म्हणत होती.

डिसेंबरच्या एकोणिसाला संत निकोलाचा दिवस, म्हणजे रादिशाच्या घराण्याचा स्लावा, कुळाच्या संताचा सण. त्या दिवशी कुणाला बोलावायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि येतातच. रादिशा आदल्या दिवशी ट्रक सोडून आपल्या गाडीने आला होता, इस्त्रीच्या शर्टात दारात उभा राहून एकेकाला आलिंगन देत होता. टेबलावर मेणबत्ती, पाव, उकडलेले गहू. उपासाचे दिवस म्हणून मांस नाही, पण मासे, भट्टीतला घेवडा, मिरच्यांचं लोणचं, आणि घरची ब्रँडी तर मोजायचीच नसते. दुपारी एकपर्यंत वीस माणसं झाली होती. यजमानीण त्या दिवशी बसत नाही. ओलिवेरा सकाळी सहापासून उभी होती आणि आता कार्प माशाचे तुकडे मक्याच्या पिठात घोळून तळत होती.

दुन्या स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

"आई."

"काय गं?"

"काही नाही."

ती गेली. ओलिवेराने तुकडा उलटला. पुढचा उलटला. दुन्या परत आली, या वेळी रिकामी ताटली घेऊन, म्हणजे यायला काहीतरी कारण.

"आई, सकाळपासून जळतंय." मग घाईघाईने, "पण पाहुणे गेल्यावर गेलं तरी चालेल. मी थांबू शकते."

ओलिवेराने गॅस बंद केला. एप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि दुन्याचा कोट आणायला बाहेरच्या खोलीत आली. देसांका ब्रँडीची सुरई घेऊन समोरच उभी.

"कुठे निघालीस? मासे?"

"इस्पितळात. मासे तुम्ही बघा, आई."

"अगं, पाद्रीबाबा यायचेत अजून! स्लावाच्या दिवशी यजमानीण घर सोडून जाते? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पोरीला शू करताना जळत होतं म्हणून गेली."

हे तिने हळू म्हणायला हवं होतं. पोस्टमास्तरांनी ताटातल्या माशाकडे असं निरखून पाहिलं, जणू तो काही सांगणार आहे. रादिशा फोन काढत पुढे आला.

"थांब, मी त्याला सांगतो, मागच्या दाराने..."

"नको," ओलिवेरा म्हणाली. "गाडीची किल्ली दे."

शहरापर्यंत पाऊण तास बर्फ पडत होतं. इस्पितळात तिने नंबर घेतला: एकोणतीस. सतरा चालू होता. ती आणि दुन्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर इतरांसारख्या बसल्या. दुन्या मध्येच एकदा संडासात जाऊन आली, आणि आल्यावर आपण होऊन म्हणाली, "टेकले होते." डॉ. कोविल्का कामावर होत्या. त्यांच्या घराण्याचा संत दुसरा.

तपासायला पाच मिनिटं लागली. लघवीत पट्टी बुडवली, पोट दाबलं, पाठीवर दोन्हीकडे हलकी मूठ मारून पाहिली. ताप नव्हता. नमुना लॅबला गेला. गोळ्या, थोड्या दिवसांच्या.

"आज सुरू झालं, आज आलात," डॉक्टर म्हणाल्या. "खालीच आहे. वर चढायला त्याला वेळच मिळाला नाही. कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या," दुन्या म्हणाली.

"शाबास. अशीच सांगत जा."

बाहेर आल्यावर ओलिवेराने दुन्याच्या कोटाची बटणं लावायला घेतली. वरचं लागलं. दुसरं लागेना. आणि एकाएकी, तिथेच, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या वाटेत गुडघ्यांवर बसून, ती रडायला लागली. दोन वर्षांचं सगळं एकदम आलं: मावसभावाचं सँडविच, अकरा बाटल्या, भिंतीकडे तोंड करून पडलेली पोर. नाक वाहत होतं, तोंडातून आवाज निघत होता, तिला तो आवरता येत नव्हता आणि आवरायचाही नव्हता. तिला इतकं बरं वाटत होतं की तेच सहन होईना. सांगितलं हिने. पाहुणे असताना, मासे कढईत असताना, माझ्याकडे आली आणि सांगितलं.

दुन्या हात अंगाशी धरून उभी होती. आईचा चेहरा ती बारकाईने बघत होती, वरपासून खालपर्यंत.

"मी सांगितलं म्हणून रडतेस?"

"हो," ओलिवेरा म्हणाली. "म्हणजे नाही. बरं वाटलं म्हणून."

"बरं वाटल्यावर कुणी रडत नाही."

"रडतं गं. कधी कधी."

दुन्याने विचार केला. तिला ते पटलेलं नव्हतं, पण आईला दुखवायचंही नव्हतं.

"पुढच्या वेळी मी डॉक्टरीणबाईंनाच सांगीन," ती शेवटी म्हणाली. "त्या रडत नाहीत."

ओलिवेराला ते लागलं. चांगलंच लागलं, सगळंच्या सगळं. तिने बाहीने नाक पुसलं आणि राहिलेली दोन बटणं लावली.

"चालेल," ती म्हणाली. "त्यांचा फोन नंबर तुला पाठ करायला लागेल. म्हण. शून्य सहा चार."

"शून्य सहा चार," दुन्या म्हणाली.